इंदूरचं ‘कंट्रोल’: धान्य ठीक, नावांचा घोळ भारी

रेशन दुकानाच्या पाटीवर ‘शासकीय उचित मूल्य दुकान’ लिहिलेलं असलं तरी इंदुरात सगळे कंट्रोलच म्हणतात. हातावर पोट असलेल्या घरांचा महिन्याचा गहू-तांदूळ इथूनच येतो, म्हणून या सेवेकडे बारकाईने बघायलाच हवं.

आधी हक्क किती ते पाहा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, म्हणजे पाच जणांच्या घराला २५ किलो. सगळ्यात गरीब घरांना मिळणाऱ्या अंत्योदय कार्डावर माणसं कितीही असोत, घरटी ३५ किलो. हे धान्य फुकट आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षं ते फुकटच राहायचं आहे. मीठ तेवढं १ रुपया किलो. अंत्योदयवाल्यांना किलोभर साखर, तीही पैसे देऊन. घरात आठ माणसं असतील तर अंत्योदयवाल्याच्या पदरात प्राधान्य कार्डापेक्षा ५ किलो कमी पडतात. सगळ्यात गरीब घरावरच हा अन्याय होतो आणि तो खटकतो.

धान्याचा दर्जा बरा म्हणावा असा. गहू निवडावा लागतो, खडे आणि काड्या निघतात. तांदळात मधेच किंचित पिवळसर, थोडे वेगळे दाणे दिसतात, पाण्यात टाकले की वर तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून बायका ते वेचून फेकतात. कृपा करून फेकू नका. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते दाणे बनवतात आणि शंभर दाण्यांत साधारण एक या प्रमाणात घालतात. तांदूळ चोळून चोळून धुऊ नका आणि जास्तीच्या पाण्यात शिजवून पेज ओतून देऊ नका, सत्त्व त्यातूनच जातं.

खरी अडचण धान्यात नाही, कागदात आहे. मध्य प्रदेशात रेशन समग्र आयडीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख क्रमांकावर चालतं: कुटुंबाचा आकडा ८ अंकी, माणसाचा ९ अंकी. समग्रची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करताना नाव, जन्मतारीख आणि स्त्री-पुरुष ही नोंद आधारशी जुळावी लागते. मराठी घरं नेमकी इथेच अडकतात. आधारवर ‘सुनीता रमेश पाटील’, समग्रवर नुसतं ‘सुनीता पाटील’. मधलं नाव गेलं की यंत्राच्या दृष्टीने बाई दुसरीच. लग्न होऊन आलेल्या सुनेचं तर नाव माहेरच्या समग्रमधून निघाल्याशिवाय सासरी चढतच नाही. म्हणून आधी आधार नीट करा, मग समग्र, आणि त्यानंतरच नगर निगमच्या झोन कार्यालयात पात्रता पर्चीत, म्हणजे रेशनच्या हक्काच्या चिठ्ठीत, नाव जोडायला जा. क्रम उलटा झाला की अर्ज परत येतो आणि त्या माणसाचे महिन्याचे ५ किलो तोवर बुडतात.

रेशनची ई-केवायसी वेगळी. ती दुकानातल्या अंगठा लावायच्या (पीओएस) मशीनवर होते, घरातल्या प्रत्येकाचा अंगठा लागतो आणि पैसे लागत नाहीत. मूल ५ वर्षांचं झालं की त्याच्या आधारमध्ये बोटांचे ठसे भरून घ्या. ७ वर्षांच्या आत हे फुकट होतं.

भांडी घासणाऱ्या, सिमेंटात काम करणाऱ्या हातांचे ठसे लवकर उमटत नाहीत. हात कोमट पाण्याने धुवा, पुसून कोरडे करा, काचही पुसायला सांगा. अंगठाच हवा असं काही नाही. दहाही बोटं वापरून बघा, एखादं तरी जुळतं. तरीही नाही जमलं तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची सोय विचारा. जुना बंद पडलेला नंबर आधारवर तसाच ठेवू नका, ते यासाठीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धान्य समोर दिसल्याशिवाय अंगठा लावू नका. ‘आज लावून जा, माल उद्या’ हे वाक्य ऐकलं की थांबा, कारण अंगठा लागला की मशीनच्या हिशेबी धान्य तुमच्या घरी पोचलेलं असतं. आपली रिकामी पिशवी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला लावा, मग धान्य घाला. मशीनमधून निघणारी पावती मागा आणि पिशवीतलं वजन तिच्याशी ताडून पाहा. कमी भरलं तर जागच्या जागीच बोला. ऐकलं नाही तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात, तिथे पावतीची झेरॉक्स घेऊन जा.

पूर्ण मार्क द्यावेत अशी एकच सोय आहे: खानदेश-विदर्भातून मजुरीला आलेल्यांना महाराष्ट्राच्या कार्डावरही इंदुरात गहू-तांदूळ मिळतो. नवं कार्ड काढायची गरज नाही. रेशन कार्डाचा नंबर किंवा आधार नंबर सांगायचा, कार्डात नाव असलेल्याने अंगठा लावायचा. थोडं धान्य इथे आणि उरलेलं गावाकडच्यांनी तिकडे, असंही उचलता येतं. मीठ मात्र या कार्डावर मागू नका, ते मध्य प्रदेश राज्याचं आहे.