दाणेदार विणीचा वर्ग: शिकवणी चोख, लोकर गैरसोयीची
वर्धा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी लोकरीच्या दुकानातील बाई दुपारी विणकाम शिकवतात आणि नवशिक्यांना प्रथम दाणेदार वीणच देतात, ही निवड योग्य आहे. विषम टाके, समजा २१, घालून प्रत्येक ओळ सुलट टाक्याने (धागा मागे ठेवून) सुरू करायची आणि एक सुलट, एक उलट (धागा पुढे घेऊन) असे शेवटपर्यंत विणायचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्यांसारखा उठाव येतो, दोन्ही बाजू सारख्या दिसतात व कडाही गुंडाळत नाहीत. टाका बदलताना धागा पुढे-मागे न नेल्यास सुईवर जादा टाका वाढतो, हे त्या हात धरून दाखवतात. हरभऱ्याच्या ओलितासाठी थंडीत रात्री शेतात जाणाऱ्यांना या विणीची मफलर उपयोगीच पडेल. मात्र सरावाला दिलेल्या काळ्या लोकरीत टाका नीट दिसत नाही. फिकट रंगाची, मध्यम जाडीची लोकर स्वतःच न्यावी.