स्टॅटबॉटिक्स आणि द ब्लू अलायन्स: एका हंगामाच्या वापरानंतर

मिशिगनमधील एका हायस्कूलच्या रोबोटिक्स संघाला पालक-मार्गदर्शक म्हणून मदत करताना 2025 च्या ‘रीफस्केप’ (त्या वर्षीच्या खेळाचे नाव) हंगामात, म्हणजे जानेवारीत खेळ जाहीर झाल्यापासून थेट शेवटच्या स्पर्धेपर्यंत, ही दोन विनामूल्य संकेतस्थळे आम्ही सातत्याने वापरली. ‘द ब्लू अलायन्स’वर फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या हायस्कूल संघांच्या रोबो-स्पर्धेतील सामन्यांचे गुणफलक आणि चित्रफिती मिळतात; ‘स्टॅटबॉटिक्स’वर प्रत्येक संघाचा ईपीए, म्हणजे तीन संघांच्या आघाडीच्या गुणांतील त्याचा अपेक्षित वाटा, प्रत्येक सामन्यानंतर बदललेला दिसतो.

सर्वाधिक उपयोग झाला तो मुलांच्या अपेक्षांना लगाम घालण्यासाठी. फळ्यावरचे त्यांचे गणित असे होते: चालकांच्या हाती 135 सेकंद असतात, त्यातील शेवटची 20 मैदानावर टांगलेल्या पिंजऱ्याला रोबोने लटकण्यासाठी राखली तर 115 उरतात, आणि एका फेरीला 12 सेकंद धरले तर सर्वांत वरच्या, चौथ्या पातळीवर 9 कोरल (खेळातल्या प्लॅस्टिकच्या नळ्या) बसवून प्रत्येकी 5 प्रमाणे 45 गुण होतात. आकडेमोड बिनचूक होती, पण आडवा येणारा प्रतिस्पर्धी, कोरल घेताना होणारी गर्दी आणि हातून निसटलेला नेम यांना तिच्यात जागाच नव्हती. पहिल्या आठवड्यांतील स्पर्धांच्या चित्रफिती लावून, हातात घड्याळ धरून मुलांनीच मधल्या फळीतल्या रोबोंच्या फेऱ्या मोजल्या, तेव्हा 12 चा आकडा कुणीही न सांगता पुसला गेला. फेरीला 20 ते 25 सेकंद धरले की चार-पाच कोरल होतात, म्हणजे 20 ते 25 गुण. त्यानंतर खोल, म्हणजे जमिनीलगत टांगलेल्या पिंजऱ्याला लटकण्याचे 12 गुण एकदम मोलाचे वाटू लागले आणि त्या यंत्रणेला हक्काचा वेळ मिळाला.

ईपीएवर मात्र डोळे झाकून विसंबू नये. कोरल कोणत्या रोबोने बसवला याची अधिकृत गुणफलकात नोंद नसते. सुरुवातीची रेषा ओलांडणे आणि शेवटी लटकणे एवढेच रोबोनिहाय नोंदले जाते, त्यामुळे बाकीचा वाटा हा अनुमानाचाच भाग असतो. प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून सामना फिरवणारा रोबो त्यात झाकला जातो. शिवाय हंगामाच्या आरंभीचा आकडा मागील वर्षांच्या कामगिरीवरून येतो. बारावीची तयार मुले शाळेतून बाहेर पडली, तरी संघाच्या नावावर जुनी पत राहते. जिल्हा स्पर्धेत प्रत्येक संघाला 12 पात्रता सामने मिळतात, आणि एका बिघडलेल्या सामन्याने आलेख लगेच खाली झुकतो. म्हणून आम्ही केवळ सरासरी न पाहता सामन्यांतील चढउतारही पाहत असू, आणि प्रेक्षागृहात बसून कागदावर केलेल्या आमच्या नोंदी शेजारी ठेवूनच बाद फेरीच्या आघाडीत कोणते संघ घ्यायचे याची पसंतीची यादी बनवत असू.

एक व्यावहारिक सूचना: स्पर्धास्थळी संघांना स्वतःचे वाय-फाय सुरू करता येत नाही आणि बंदिस्त क्रीडागृहात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा सहभागी संघांचे आकडे आदल्या रात्रीच उतरवून घ्यावेत.