३० लिटरची सॅक आणि माळ्यावरच्या तिच्या सवती

घरात सामान कमी ठेवायचं हे मी बरीच वर्षं पाळतोय. शर्ट मोजके, फर्निचर जवळजवळ नाहीच. नवा पाहुणा आला की हॉलभर नजर फिरवून विचारतो, "शिफ्टिंग चाललंय काय?" पण हा सगळा साधेपणा माळ्याच्या खाली. माळ्यावर नुसत्या बॅगा. एका दिवसाच्या ट्रेकची, मुक्कामाची, सायकलच्या कॅरिअरची, कमरेची, घडी करून मुठीत मावणारी. शिवाय हेडटॉर्च, गॅसचा छोटा स्टोव्ह, दोरखंड. परवा आई साफसफाईला वर चढली आणि उतरून एवढंच म्हणाली, "अरे, पिशवीत पिशवी, तिच्यात आणि एक पिशवी. आत काय न्हाईच की!"

बाकी कुठलीही वस्तू घेताना मी स्वतःला विचारतो, वापरणार का? बॅग दिसली की प्रश्न गुपचूप बदलतो: उपयोगी आहे का? आता निरुपयोगी बॅग जगात कुणी शिवलीय का? नाद खुळा म्हणतात तो हाच.

वैशाखात ही सॅक घेतली तेव्हा ठरवलं, दिवाळीपर्यंत ऑफिस, मंडई, डोंगर सगळीकडं हीच. ३० लिटर, वरून गुंडाळून बंद होणारी, ४२० डेनियरचं नायलॉन, आतून पीयूचा (पॉलियुरेथेन, पाणी अडवणारं प्लॅस्टिक) थर, पाठीला फोमचा पत्रा, फ्रेम नाही. (९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. शाळेच्या दप्तरावर ‘६००’ लिहिलेलं असतं ते हेच. पण ते बहुतेक पॉलिस्टर असतं, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.)

शहरात ती निम्मी पास. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत तिला तोड नाही: तोंड मोठं, खाली बटाटे, वर मेथी, जुडी जास्त झाली तर एक घडी कमी घालायची. पण पेट्रोल पंपावर पाकीट काढायला बकल सोडा, घड्या उलगडा, तोवर मागचे हॉर्न वाजवून मोकळे. बाहेरून एक चेनचा कप्पा हवाच होता.

खरी परीक्षा आषाढात, पन्हाळा ते पावनखिंड. म्हाळुंगं सोडून मसाई पठारावर आलं की जांभ्याचं सपाट माळ, आडोसा नावाला नाही. तिथं पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. सोबतच्यांची रेनकव्हरं वाऱ्यानं फुगून निम्मी सुटली. सुटली नाहीत त्यांच्यातही पाणी होतंच, कारण कव्हर पाठीकडून उघडंच असतं. मानेवरून उतरलेलं पाणी पाठीनं खाली जातं आणि कव्हरच्या तळाशी डबकं करतं. माझ्या सॅकला कव्हर नव्हतं. तरी शिलाईच्या भोकांतून ओल आत आलीच, कंपनीनं टॅगवर काहीही छापू दे. कपडे कोरडे राहिले ते साखरेच्या ५० किलोच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीमुळं. ती आत घालायची, तोंडाला पीळ द्यायचा, मग सॅक गुंडाळायची. आपल्याकडं साखर कारखान्यात कुणी ना कुणी ओळखीचं असतंच, ही पिशवी मागून आणा. महागाच्या ड्राय बॅगेची गरज नाही. (माझ्याकडं त्याही आहेत, म्हणून सांगतोय.)

करपेवाडीच्या पुढं चिखलात छातीच्या पट्ट्याचं बकल खांद्याच्या पट्ट्यावरच्या रुळावरून (ते ज्यावर वर-खाली सरकतं ती पट्टी) निसटलं ते गेलंच. पुढं पांढरेपाणीपर्यंत सुतळी. परत आल्यावर गाडीच्या सीटा शिवणाऱ्या मामांकडं गेलो. त्यांनी पट्टा उलटसुलट बघितला, "ह्यो धागाच कच्चा हाय, भावा," म्हणाले आणि जाड नायलॉन धाग्यानं आडवी-उभी शिलाई मारली. ती अजून हलली नाही. वजनाचं म्हणाल तर ६-७ किलोपर्यंत ही सॅक जाणवत नाही, ९ किलोच्या वर खांदे बोलायला लागतात. कमरेचा पट्टा नुसती पट्टी आहे, भार कमरेवर घेत नाही.

या सॅकपेक्षा जास्त मला बाकीच्यांनी शिकवलं. दिवाळीच्या आवराआवरीत त्या खाली काढल्या. मुक्कामाची सॅक उघडली तर आंबूस वास आणि आतला थर बोटाला चिकटतोय. सायकलच्या बॅगेचे तर पापुद्रे पडले होते. दोन्ही जवळजवळ नव्या. दमट हवेतली ओल पीयूच्या थराला हळूहळू फोडते आणि श्रावणात आपल्याकडं भिंतींनाही पाणी सुटतं. बंद माळ्यावर, एकात एक कोंबलेल्या बॅगांना वारा कुठला लागणार? रोज उन्हा-वाऱ्यात फिरणारी, घामानं पांढरे डाग पडलेली ही सॅक आतून अजून कोरडी, गुळगुळीत आहे. ‘ठेवली तर कधीतरी उपयोगी पडेल’ हा माझा लाडका युक्तिवाद इथं साफ आपटला. ज्या धड होत्या त्या पुढच्या पावसाळ्याआधी वापरतील अशांना वाटून टाकल्या. कमरेची तेवढी ठेवली, ती चांगली आहे.

घ्यायची झाली तर दुकानात तीन गोष्टी बघा. सॅक पाठीवर असताना बाटली हाताला येते का (माझी येत नाही), छातीचं बकल ओढून रुळावरून निघतं का, आणि आत हात घालून थर चिकट लागतो का. सेलमधला माल दुकानदाराच्या माळ्यावरूनही आलेला असू शकतो. घरी धुताना साधं गार पाणी, मशीन नको, आणि उलटी करून सावलीत दोन दिवस.