विधिसंघर्षग्रस्त मुलांचे मार्गदर्शक व्हायचे असेल, तर निरीक्षणगृहात जावे की वस्तीत?

कायद्याशी संघर्ष झालेल्या अल्पवयीन मुलांसाठी वेळ देण्याची इच्छा असलेल्या नागपूरकरांपुढे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एखाद्या संस्थेमार्फत निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना तात्पुरते ठेवतात तिथे) जाऊन मुलांच्या गटाबरोबर काम करणे हा एक, आणि जामिनावर किंवा परिविक्षेवर (चांगल्या वर्तनाच्या अटीवर, देखरेखीखाली सुटका) घरी परतलेल्या एकाच मुलाला दीर्घकाळ सोबत करणे हा दुसरा. माझे मत आधीच सांगून टाकतो. किमान वर्षभर त्या मुलाला अंतर देणार नाही अशी खात्री असेल, तरच दुसरा मार्ग निवडावा. ती नसेल, तर पहिला निवडावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

निरीक्षणगृहातील कामाचे स्वरूप कायद्यानेच ठरवून दिले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मुलाला जामीन देणे हा नियम आहे आणि नाकारणे हा अपवाद. सुटकेमुळे तो गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका निर्माण होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असे बाल न्याय मंडळाला (मुलांची प्रकरणे चालवणाऱ्या न्यायपीठाला) वाटले तरच त्याला ठेवून घेतले जाते. त्यामुळे बहुतेक मुलांचा मुक्काम अल्पकाळाचा असतो आणि समोरचा गट सतत बदलत राहतो. आज गणिताचा एक भाग शिकवून पुढचा पुढील आठवड्यात घेऊ, असे तिथे जमत नाही. एका बैठकीत सुरू होऊन तिथेच पूर्ण होईल असाच कार्यक्रम हवा. बुद्धिबळाचा डाव, अर्ज लिहिण्याचा सराव, गोष्टीचे वाचन असे उपक्रम म्हणूनच उपयोगी पडतात. वेळ ठरलेली, कर्मचारी हजर आणि तुमची बदली झाली तरी दुसरा कार्यकर्ता काम पुढे चालवू शकतो, ही या मार्गाची जमेची बाजू. तिरपुडे महाविद्यालय किंवा मातृ सेवा संघाची संस्था यांसारख्या ठिकाणी समाजकार्य शिकणाऱ्यांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे. ज्यांना चौकशीअंती दोषी ठरल्यावर मंडळाने विशेष गृहात पाठवले आहे, त्यांचा मुक्काम तीन वर्षांपर्यंत असू शकतो आणि तिथे गटकामालाही खोली येते.

खरी परीक्षा मात्र मूल घरी परतल्यावर सुरू होते. शाळेच्या पटावरून नाव गेलेले असते, चौकातले मित्र तेच असतात आणि वस्तीत काही घडले की पहिला संशय त्याच्यावर येतो. अशा वेळी मार्गदर्शकाकडून उपदेशाची अपेक्षा नसते. त्याचा बहुतेक वेळ कागदपत्रांत जातो. मुलाची आई प्लास्टिकच्या पिशवीतून एक-एक कागद काढून समोर ठेवते. आधार कार्डाला जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडलेला असतो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जन्मतारीख असते आणि आधारवर दुसरी. हा फरक आपणच दुरुस्त करून द्यावा असा मोह होतो, पण तो आवरावा. वय ठरवताना कायदा शाळेच्या किंवा दहावीच्या दाखल्याला पहिले स्थान देतो, म्हणून चौकशी चालू असताना परिविक्षा अधिकारी व वकील यांना विचारल्याशिवाय त्या तारखेला हात लावू नये. त्यापुढची कामे सरळ आहेत: दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरणे, किंवा श्रद्धानंदपेठेतील शासकीय आयटीआयमध्ये जाऊन दहावी अनुत्तीर्णांसाठी कोणते अभ्यासक्रम खुले आहेत ते पाहणे, आणि मंडळापुढील तारीख चुकू न देणे.

या मार्गातला धोकाही मोठा आहे. अमेरिकेत अशा सोबतीच्या कार्यक्रमांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शक आणि मूल यांच्या वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा स्वतःविषयीचा आदर उलट खालावला, असे त्यात आढळले. आपल्याकडे परिस्थिती वेगळी असली, तरी हे मला पूर्णपणे पटते, कारण ज्याला अनेकांनी सोडून दिले आहे त्याच्या आयुष्यात आणखी एक सोडून जाणारा माणूस वाढवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

गुन्ह्याविषयी स्वतःहून काही विचारू नये, हे पथ्य दोन्ही मार्गांना लागू आहे. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचे संरक्षण असते. मार्गदर्शकाशी झालेल्या बोलण्याला ते नाही. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ अन्वये गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कौतुकाने टाकलेले समाजमाध्यमांवरील छायाचित्रही यात येते.

ज्यांना एका मुलाची जबाबदारी जड वाटते, पण निरीक्षणगृहाच्या चार भिंतींबाहेर काम करायचे आहे, त्यांनी खेळाच्या मैदानाचा विचार करावा. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलच्या निमित्ताने एकत्र आणण्याचे काम सुरू केले. अशा मैदानावर सगळीच मुले येत असल्याने कोणाच्या कपाळी 'गुन्हेगार' असा शिक्का बसत नाही, आणि परतलेल्या मुलाला हीच गोष्ट सर्वाधिक हवी असते.

स्वतःच्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये काम देऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे पाहावे की १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही, १४ ते १८ वयोगटातील मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही आणि त्याची मजुरी अडवून धरणे हा गुन्हा आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर गुन्हा केलेल्या तरुणांना बाल न्याय कायदा लागू होत नाही. २१ वर्षांखालील अशा तरुणांबाबत परिविक्षा अधिनियम, १९५८ पाहावा लागतो.

सुरुवात जिल्हा बाल संरक्षण कक्षातून करावी. तिथे लेखी परवानगीची पद्धत विचारून घ्यावी आणि पोलीस पडताळणी आनंदाने करून द्यावी, कारण ती मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे. ज्या संस्थेमार्फत जाणार, तिला एक प्रश्न आवर्जून विचारावा: मला मध्येच शहर सोडावे लागले, तर या मुलाकडे कोण जाईल? उत्तरात माणसाचे नाव मिळाले, तर वस्तीतील काम स्वीकारावे. "बघू, होईल काहीतरी" असे उत्तर मिळाले, तर त्या संस्थेबरोबर निरीक्षणगृहातील गटकामापुरतेच राहावे.