खापर की पपायरस?

प्राचीन इजिप्तमध्ये लिहायला मुख्यतः दोन गोष्टी होत्या. पपायरस लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतीच्या गाभ्यापासून बनायचा. हलका, गुंडाळता येणारा, पण मेहनतीचा. म्हणून जुनी शाई धुऊन तोच पुन्हा वापरत. फुटक्या मडक्याची खापरी किंवा चुनखडीची कपची मात्र पायाशी पडलेली, फुकट.

राजांच्या थडग्यांवर राबणाऱ्या कारागिरांच्या देर अल-मदिना गावात अशा हजारो खापऱ्या-कपच्या सापडल्या. ब्रिटिश म्युझियममधली एक कपची दुसरा रामसेस या राजाच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षाचा हजेरीपट आहे. तारखा काळ्या शाईत, त्यावर गैरहजेरीची कारणं लाल शाईत: कुणाला विंचू चावला, कुणी घरी बिअर गाळत होता. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो माणूस एकदम शेजारचा वाटतो.

पपायरसला कमी लेखू नये. मजुरीचं धान्य थकलं म्हणून याच कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या काळात काम बंद पाडलं, ती हकिकत इटलीतल्या तुरिनच्या संग्रहालयातल्या पपायरसवरच आहे. लांबलचक मजकुराला तोच हवा. पण ओल आणि वाळवीपुढे तो टिकत नाही. माझं मन खापरीकडेच झुकतं. जपून ठेवण्यासाठी न लिहिलेलं तिच्यावरच जास्त सापडतं.