कंपनीच्या करारावर बॉयलर कोंबड्या: 6 बॅचचा अनुभव

पारोळा तालुक्यात आमचं 5 हजार पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही पण 6 बॅच काढल्यात, नवीन शेड टाकणाऱ्या भावांनी नीट वाचा.

पहिले चांगलं सांगतो. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, मजुरी, लाईट, पाणी, तूस आपलं. बाजार पडला तरी पक्षी वाढवून द्यायचा आपला किलोचा दर पडत नाही, 2020 ला कोरोनाच्या अफवेत स्वतःचा माल टाकणारे कसे बसले ते सगळ्यांनी पाह्यलंय. पेमेंट वेळेवर येतं, सुपरवायझर फोन उचलतो. खताचे पैसे आपले, केळीवाले स्वतः गाडी घेऊन येतात.

आता हिशोब. थंडीतल्या बॅचला 4800 पक्षी गेले, 2 किलोची सरासरी, 9600 किलो, 7 रुपयांनी 67,200. तूस, ब्रूडिंगचा म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा कोळसा, लाईटबिल, जोडप्याची मजुरी काढून 30 हजाराच्या आसपास राहिले आणि बँकेचा हप्ता त्यातूनच, तेही 42 दिवस अन वरून शेड धुऊन खाली ठेवायचे 15 दिवस धरून.

मे महिन्यात सगळं उलटं. दुपारी 2 ला लाईट गेली, पाण्याचे बारीक फवारे मारणारे फॉगर बंद, पक्षी चोच उघडी टाकून पंख पसरून धापा टाकत होते, मी आणि बायको गोणपाट ओले करून जाळीला लावत होतो, आमच्या डोळ्यासमोर 300 पक्षी गेले. उन्हात पक्षी पाणीच पितो, खात नाही, वजन येत नाही, म्हणून एफसीआर म्हणजे किलोमागे लागलेलं खाद्य 1.65 वरून 1.9 वर गेलं आणि दर कापून साडेचार केला. 4300 पक्षी, 1.7 किलो, हातात 33 हजारही आले नाही, खर्च त्याच्यावर.

माझी खरी तक्रार हीच आहे. पिल्लू त्यांचं, खाद्य त्यांचं, एफसीआर मात्र आपल्या गळ्यात. चौथ्या बॅचला नाभी ओली असलेली पिल्लं आली, पहिल्या आठवड्यातच 180 मेली आणि ती मरतूक आमच्याच नावावर लावली. आता गाडी आली की पिल्लं मोजून, फोटो काढून, सुपरवायझरची सही घेतल्याशिवाय उतरवत नाही. खाद्याच्या गोण्या पण काट्यावर टाकून घ्या.

लिफ्टिंगची म्हणजे तयार पक्षी न्यायची गाडी रात्री 2 ला येते, झोप मोडा पण काट्याजवळ स्वतः उभे राहा, आधी रिकामा क्रेट ठेवून काटा शून्य करून घ्या, काटा तपासायला आम्ही 20 किलोचं वजन घरचं ठेवलंय.