मदरबोर्ड बदलला, विंडोज तीच ठेवली: सात महिन्यांनंतर

आधी पीसीत होता इंटेलचा आय५ ६५०० प्रोसेसर आणि एच११० बोर्ड. आता आहे एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि बी५५० बोर्ड. डीडीआर४ रॅम, साटा एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) सगळं जुनंच. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सहाव्या पिढीचा आय५ विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाही, म्हणून हा बदल. इंटेलवरून थेट एएमडीवर जाऊनही फॉरमॅट मारला नाही. सात महिने टॅली, छपाई, मराठी टायपिंग त्याच इन्स्टॉलेशनवर चालू आहे आणि निळा स्क्रीन एकदाही आलेला नाही.

‘बोर्ड बदलला की विंडोज नव्याने टाकायचीच’ हा सल्ला एक्सपी आणि सेव्हनच्या काळातला. तेव्हा बूट होताना बोर्डावरच्या जुन्या डिस्क कंट्रोलरचाच ड्रायव्हर लोड व्हायचा. कंट्रोलर बदलला की डिस्क दिसायची नाही आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ यायचं. विंडोज १० डिस्कचे नेहमीचे ड्रायव्हर, म्हणजे साटासाठी एएचसीआय आणि वेगवान एसएसडीसाठी एनव्हीएमई, स्वतःच लावून घेते. खरी अडचण आता वेगळी आहे: काही गोष्टी जुन्या बोर्डाशी बांधलेल्या असतात, आणि त्या तो बोर्ड चालू असतानाच सोडवाव्या लागतात.

पहिली गोष्ट बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. त्याची किल्ली बोर्डाशी बांधलेल्या टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये असते. बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) न करता बोर्ड काढला, तर नवा बोर्ड ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती आधी कागदावर उतरवून ठेवा. लॉगिनचा पिनही टीपीएमशीच जोडलेला असल्याने नव्या बोर्डावर तो चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो. पिनच्या सवयीत पासवर्ड विसरलेले लोक नेमके इथे अडकतात.

दुसरी गोष्ट लायसन्स. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’ला ‘डीएलआय’ जोडून चालवलं की चॅनल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, कळतं. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या. नव्या बोर्डावर अ‍ॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडायचा. ओईएम (मशीनबरोबर आलेलं) असेल तर ते जुन्या बोर्डाबरोबरच गेलं समजा आणि नव्या लायसन्सचा खर्च आधीच धरा. टॅलीचं लायसन्सही आधी सरेंडर करायचं.

तिसरी गोष्ट बूटची पद्धत. जुनी विंडोज लेगसी (जुन्या बूट पद्धतीच्या) मोडमध्ये एमबीआर (जुन्या पार्टिशन रचनेच्या) डिस्कवर असेल, तर डिस्क नव्या जीपीटी रचनेत बदलणारं ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे टूल जुन्याच बोर्डावर चालवा: बॅकअप घ्या, आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट, आणि बायोसमध्ये यूईएफआय (नवी बूट पद्धत) करून एकदा चालू होते का ते बघा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा लॉजिकल ड्राइव्ह असतील तर टूल नकार देतं. जुना बोर्ड रेड (अनेक डिस्क एकत्र चालवायच्या) मोडमध्ये असेल, तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग टूलमधून सेफ बूट लावून बंद करा, नव्या बोर्डावर एएचसीआय ठेवा, एकदा सेफ मोडमध्ये आत जा आणि मग सेफ बूट काढा. एवढं केलं की नवा ड्रायव्हर बसतो.

शेवटी हायबरनेट बंद करा. त्यावरच चालणारं फास्ट स्टार्टअप जुन्या हार्डवेअरची स्थिती डिस्कवर साठवतं. ती नव्या बोर्डावर उघडू नये. नव्या बोर्डाचा लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या, कारण २.५ गिगाबिटचं लॅन विंडोज १० ला ओळखता येईलच असं नाही, आणि नेट नाही तर अ‍ॅक्टिव्हेशनही नाही.

फिटिंगमध्ये दोनच गोष्टी सांभाळा. ज्या जागी नव्या बोर्डाला स्क्रूचं भोक नाही, तिथला पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा खुंट) काढा, नाहीतर शॉर्ट होईल. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ५६००जीच घ्या. साध्या ५६०० ला अंगचं ग्राफिक्स नाही, स्क्रीन काळाच राहील. पहिल्या वेळी ‘गेटिंग डिव्हाइसेस रेडी’चा टक्का हळूहळू चढतो, मशीन रीस्टार्ट होतं. वीज तोडू नका. मग एएमडीचा चिपसेट ड्रायव्हर टाका आणि इंटेलची जुनी युटिलिटी काढा.

महिन्याभराच्या वापरात जे कुरकुरलं ते जुन्या बोर्डाच्या उरलेल्या नोंदींमुळे. पीसीला स्थिर आयपी (नेटवर्कवरचा कायमचा पत्ता) होता. नव्या लॅनचं नाव ‘इथरनेट २’ झालं, आणि तोच आयपी द्यायला गेलं की विंडोज सांगायची, हा पत्ता आता मशीनमध्ये नसलेल्या दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे. तोवर शेअर्ड प्रिंटर बाकीच्या मशीनवर दिसेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतून लपलेली उपकरणं दाखवली की जुनं लॅन फिकट रंगात दिसतं. राइट क्लिक करून अनइन्स्टॉल केलं की आयपी लगेच बसतो. बाकीच्या फिकट नोंदी जागा अडवत नाहीत, राहू द्या.

पुढे विंडोज ११ वर अपग्रेड बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टीमच सुरू होऊ देणारी सोय) चालू केल्यावरच झालं. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय चालू होईना. त्या पानावर अडथळा आणणाऱ्या ड्रायव्हरचं नाव येतं. तो जुन्या बोर्डाच्या पंखा-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरचा निघाला. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करूनही फाइल मागे राहिली होती. ‘पीएनपीयुटिल’ या विंडोजच्या कमांडने तो ड्रायव्हर पॅकेजसह काढला, रीस्टार्ट केलं आणि मेमरी इंटिग्रिटी चालू झाली.